टिपणीससाहेबांची सही

टिपणीससाहेब सही करायला खुर्चीतून उठत. कागद मोठ्या यंत्राचा असो की टाचण्यांच्या डबीचा, ते आधी तो बसून वाचायचे. छापील मथळ्यापासून खालच्या तारखेपर्यंत, ओठ हलवत. मग उठायचे, कोटाचं मधलं बटण लावायचे, टेबलावर किंचित वाकून सही करायचे आणि पुन्हा बसायचे. पुढचा कागद आला की पुन्हा तेच. नव्या माणसाला वाटायचं, साहेब आपल्याला मान द्यायला उठले, आणि तोही गडबडीनं उठून उभा राहायचा. मी एकदा विचारलंच. म्हणाले, "बसून केलेली सही सैल पडते, ओकबाई. उभं राहिलं की माणसाला कळतं, आपण काहीतरी करतोय."

ते आमच्या कारखान्याच्या खरेदी खात्याचे प्रमुख आणि मी प्रयोगशाळेची. कारखाना औषधांचा. ठाण्याहून बेलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पावणे गावाच्या शिवेला. आज त्या सगळ्या पट्ट्याला नवी मुंबई म्हणतात. साठच्या दशकात तिथं खाडीच्या बाजूला मिठागरं होती, डोंगराच्या बाजूला भातखाचरं, आणि मधल्या रस्त्यावर एकेक कारखान्याचं धुराडं उभं राहत होतं. आम्ही दोघंही ठाण्याचे. कंपनीची बस सकाळी स्टेशनाजवळ उभी असायची, कळव्याच्या पुलावरून आम्हाला पलीकडे न्यायची.

आमची पहिली भेट भांडणाची. रुजू झाले त्याच दिवशी प्रयोगशाळेतले गाळणकागद संपलेले दिसले. मी तडक खरेदी खात्यात गेले.

"संपले? की संपत आलेत?" साहेबांनी विचारलं.

"संपले."

"मग मागणी आधी यायला हवी होती."

"आधी मी इथं नव्हते. आज आलेय."

त्यांनी माझा मागणीचा कागद ओठ हलवत वाचला. "यात कारणाचा रकाना रिकामा आहे."

मला राग आला. मी त्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, 'गाळण्यासाठी'. साहेबांनी ते वाचलं, उठले, बटण लावलं, सही केली. चेहऱ्यावर हसू नाही. "छान. इतकं नेमकं कारण या टेबलावर बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं," म्हणाले. त्याच संध्याकाळी बसमध्ये स्वतः उठून मला खिडकीची जागा दिली आणि ठाणं येईपर्यंत नवीन बटाट्यांच्या भावावर बोलत राहिले. हा माणूस सरळ आहे की बेरकी, हे मला पुढे कितीतरी दिवस ठरवता येईना.

कारखान्यात त्यांना मागून 'तीन कोटेशन' म्हणत. किरकोळ खरेदी सोडली तर कोणतीही वस्तू घ्यायला तीन व्यापाऱ्यांकडून बंद पाकिटांत भाव मागवायचे, सर्वांत कमी भाव असेल त्याला माल सांगायचा, आणि त्या कागदावर खालपासून वरपर्यंत पाच जणांच्या सह्या घ्यायच्या. कमी भाव सोडून दुसरा माल घ्यायचा असेल तर कागद फोर्टातल्या हेड ऑफिसात जाणार, तिथल्या समितीपुढे येणार, आणि समिती महिन्यातून एकदा बसणार. हे सगळे नियम साहेबांनीच कंपनीला लिहून दिले होते. त्यांनी मुलीच्या लग्नासाठीही तीन कोटेशनं मागवली आणि सर्वांत कमी हुंडा मागणाऱ्याला मंजुरी दिली, असा विनोद कॅन्टीनमध्ये चालायचा. तो त्यांच्या कानावर होता. ते म्हणायचे, "साफ खोटं. हुंडा मागणाऱ्यांचं पाकीट मी उघडलंच नाही."

त्यांच्या या नियमवेडाचं मूळ मला एका दुपारी कळलं. ते डबा नेहमी एकटे खायचे, पण वालाचं बिरडं असलं की मला बोलावणं यायचं, कारण त्यांच्या घरच्या डब्यातलं माझ्या शाकाहारी ताटात चालेल असं तेवढंच असायचं. बिरड्याचा घास घेता घेता मी म्हणाले, "साहेब, एवढ्या सह्या कशाला? तुमच्यावर कंपनीचा विश्वास नाही का?"

"आहे ना. माझ्या दादावरही सगळ्यांचा विश्वास होता," ते म्हणाले.

त्यांचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत सरकारी पुरवठ्याच्या कचेरीत गोणपाटांची खरेदी बघायचे. वरच्या कोणीतरी पैसे खाल्ले. चौकशी आली तेव्हा सगळे व्यवहार तोंडी झालेले. दादांपाशी दाखवायला एकही कागद नव्हता. त्यांना काढून टाकलं. "आरोप सिद्ध झाला नाही आणि खोटाही ठरला नाही. दादा त्यानंतर घराच्या ओटीवर बसून राहिले. शेजारचा कोणी नवं धोतर नेसून गेला तरी त्यांना वाटायचं, हा माझ्याकडे संशयानं बघतोय. तसेच गेले. ओकबाई, लोकांना वाटतं नियम चोराला पकडायला असतो. नियम असतो तो साध्या माणसाला रात्री झोप लागावी म्हणून."

मी बिरडं संपवलं.

आमच्या कारखान्यात लहान मुलांच्या खोकल्याचं एक गोड औषध होत असे. त्याच्या बाटलीला पत्र्याचं टोपण, आणि टोपणाच्या आत बुचाची पातळ चकती. ही चकतीच खरं काम करते. ती नीट बसली तर हवा आत जात नाही, औषध बाहेर येत नाही. वर्षानुवर्षं एक जुना व्यापारी अखंड बुचातून कापलेल्या चकत्या द्यायचा. त्या वर्षी तीन भावांमध्ये एका नव्या व्यापाऱ्याचा भाव कमी आला. त्याच्या चकत्या बुचाचा भुसा सरसात दाबून केलेल्या होत्या. पण मागणीच्या कागदावर लिहिलं होतं फक्त 'बुचाची चकती' आणि तिचं माप. मापात ती चोख होती. स्टोअरकीपरनं सही केली, हिशेबनिसानं केली, टिपणीससाहेबांनी उभं राहून केली, मॅनेजरांनी केली, हेड ऑफिसनं केली. प्रयोगशाळेकडे नमुना पाठवायचा असतो असं त्या नियमात कुठंच नव्हतं, त्यामुळे चकती बदलल्याचं मला कळलंच नाही.

कळलं ते हिराबाईमुळे. हिराबाई तळवलीची. पॅकिंगच्या पट्ट्यावर काम करणाऱ्या बायकांची मुकादम, आवाजानं आणि अंगानं दणकट. पावसाळा सरताना एका सकाळी ती प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, जरा खाली चला. खोक्यांना मुंग्या लागल्यान."

गोदामात रचलेल्या खोक्यांवरून मुंग्यांची रांग चालली होती. एक खोकं फोडलं. बाटल्यांच्या गळ्याशी चिकट वर्तुळं होती. मी एक टोपण फिरवलं तर ते फसकन आवाज करून सुटलं आणि आंबूस वास आला. चकती मऊ पडून तिचा सरस औषधात उतरला होता, आत हवा शिरून साखरेचा पाक आंबत होता. प्रयोगशाळेत तपासलं आणि त्याच दिवशी मी ते औषध बाहेर पाठवायला मनाई केली. पण त्या चकत्यांच्या काही बाटल्या आधीच दुकानांत आणि दवाखान्यांत पोचल्या होत्या.

बाटली घेऊन मी टिपणीससाहेबांच्या टेबलापाशी गेले. भांडायच्या तयारीनंच गेले होते. त्यांनी टोपण उघडलं, वास घेतला, चकती नखानं खरवडली. नखाखाली भुसा आला. किती तरी वेळ ते त्या भुशाकडे बघत होते.

"हा कागद काढा," त्यांनी कारकुनाला सांगितलं. कागद आला. त्यावरच्या पाच सह्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. "बघा ओकबाई. दुसऱ्यानं पहिल्याची सही बघितली, तिसऱ्यानं दुसऱ्याची. मीही खालच्या दोन बघितल्या. चकती कोणीच बघितली नाही."

मग मला म्हणाले, "मला पॅकिंग कुठं होतं ते दाखवा." इतकी वर्षं ते तिथली दोरी, डिंक, खोकी, टोपणं खरेदी करत होते आणि त्या खोलीत कधी गेले नव्हते.

पट्ट्याजवळ हिराबाईनं त्यांना टोपण कसं पिळून बसवतात ते दाखवलं. साहेबांनी स्वतः एक बसवून पाहिलं. ते तिरकं बसलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"हिराबाई, चकती बदलली हे तुम्हाला जाणवलं होतं?"

"जानवलं ना साहेब. पयल्या दिसापासून हाताला भुसा लागत व्हता. मी स्टोरात बोलले. ते बोलले, वरून मंजूर हाय."

जिना चढताना साहेब मध्येच थांबले. "वरून मंजूर," स्वतःशीच म्हणाले. "आणि वर आपल्याला वाटतं, खालून तपासून आलंय."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. समिती पुढच्या महिन्यात बसेल, तोवर टोपणं जरा जास्त पिळून काम चालवा, असं त्याचं म्हणणं. मी नकार दिला. पॅकिंग थांबलं आणि त्याबरोबर पट्ट्यावरच्या बायकाही. त्या रोजंदारीच्या होत्या. काम नाही तर हजेरी नाही. दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर त्या झाडाखाली बसून राहिल्या होत्या.

आता सगळ्यांचे डोळे साहेबांकडे. स्टोअरकीपरनं एक वाट सुचवली: जुन्या व्यापाऱ्याकडून चकत्या थोड्या थोड्या घ्यायच्या, एका मोठ्या खरेदीच्या लहान लहान खरेद्या दाखवायच्या, म्हणजे हेड ऑफिसची मंजुरी लागणारच नाही. सगळीकडे असंच करतात. मलाही ते पटलं. मी साहेबांना तसं म्हणाले.

"नाही," ते म्हणाले.

"साहेब, बायका बाहेर बसल्यात."

"दिसतात मला. माझ्या खिडकीतूनच दिसतात. पण आज मी चांगल्या कामासाठी तुकडे केले की उद्या दुसरा वाईट कामासाठी करील, आणि माझा दाखला देईल. नियम चुकला असेल तर तो समोरून बदलायचा. मागच्या दारानं नाही."

मी रागानं निघून आले. संध्याकाळी बसकडे जाताना फाटकाशी हिराबाईनं साहेबांना गाठलं. "साहेब, तुमचा कागुद कवा येल? घरात पोरा हायेत." ते म्हणाले, "मी स्वतः घेऊन जातो." ती म्हणाली, "जा मंग. हितं उबं ऱ्हावून काय व्हनार?" साहेबांशी असं कोणी कधी बोललं नव्हतं. त्यांनी मान डोलावली, जशी वरिष्ठापुढे डोलावतात.

दुसऱ्या दिवसापासून ते कारखान्यात न येता फोर्टात जाऊ लागले. फाईल काखेत. ज्या टेबलावर फाईल थांबेल त्या टेबलासमोरच्या बाकावर बसायचे. ज्यांना ते वर्षानुवर्षं नियम शिकवत आले त्यांचे शिपाई त्यांना सांगायचे, "साहेब कामात आहेत, बसा." ते बसायचे. मला तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी सोबत नेलं, कारण हिशेबखात्याचे मुख्य, कपाडियासाहेब, यांनी भेटीची वेळ दिली होती.

कपाडिया पारशी, वयानं मोठे, मनानं मोकळे. फाईल चाळून हसायला लागले. "अरे टिपणीस, कमी भाव सोडायचा नाय, हा नियम तर तुमीच बनवला ने? आता तुमीच तोडायला आले?"

"तोडायला नाही आलो," साहेब म्हणाले. "मीच लिहिला, म्हणून तो अपुरा आहे हे सांगायला दुसऱ्या कोणाला कसं पाठवू?"

"पण हा भाव जास्त आहे. उद्या ऑडिट विचारेल, जास्त भाव का दिला? तेव्हा कोण उत्तर देणार?"

साहेबांनी पिशवीतून बाटली काढून टेबलाच्या काचेवर ठेवली. पुन्हा उचलली. काचेवर चिकट वर्तुळ उमटलं. "तुमच्या घरी नातू आहे ना साहेब? माझ्याकडेही आहे. असाच कोणाचा तरी नातू खोकेल, त्याची आई रात्री हे चमच्यात ओतेल आणि त्याचं नाक दाबून त्याला पाजेल. तिला तुमची सही माहीत नाही, माझी नाही. ती फक्त बाटलीवरचं कंपनीचं नाव वाचून विश्वास ठेवते. ऑडिटला मी उत्तर देईन. तिला कोण देणार?"

कपाडियांनी चष्मा काढला. टेलिफोन उचलून त्यांनी समिती त्याच आठवड्यात बोलावली.

समितीत जुन्या चकत्या मंजूर झाल्या; माल यायला मात्र अजून काही दिवस लागणार होते. ते ऐकून मला वाटलं, संपलं. साहेबांना तसं वाटत नव्हतं. "ज्या बाटल्या गेल्यात, त्यांचं काय?" मी म्हटलं, ते विक्रीखात्याचं काम. त्यांनी विक्रीखात्याला विचारलं. विक्रीखातं म्हणालं, माल परत मागवण्याची आपल्याकडे पद्धत नाही, नाव खराब होतं. मॅनेजर म्हणाला, तसा नियमच नाही. साहेब त्या रात्री झोपले नसावेत. सकाळी बसमध्ये त्यांचे डोळे लाल होते, पण आवाजात एक प्रकारची मौज होती.

"ओकबाई, मी सगळे नियम पुन्हा वाचले. माल आणायला पाच सह्या लागतात. परत मागवायला एकही लागत नाही."

"म्हणजे?"

"नियम नाही, म्हणजे मनाईही नाही!"

त्यांनी खरेदी खात्याच्या कागदावर, स्वतःच्या नावानं, सगळ्या दुकानांना आणि दवाखान्यांना कळवलं: अमुक खुणेच्या बाटल्या देऊ नका, परत पाठवा. खाली औषध खराब असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. खोकी येऊ लागली. ती उघडायला, बाटल्या रिकाम्या करायला, धुवायला माणसं हवी होती, म्हणून हिराबाईच्या बायकांना मॅनेजरनं त्याच दिवशी आत बोलावलं. झाडाखालची जागा रिकामी झाली. साहेब खिडकीत उभे राहून बघत होते, हे मी पाहिलं.

हेड ऑफिस भडकलं. कंपनीची चूक स्वतःच्या सहीनं जगजाहीर करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असं विचारणारं पत्र त्यांना आलं. नोकरी गेली नाही. कपाडिया मध्ये पडले असावेत. पण फोर्टात सगळ्या कारखान्यांच्या खरेदीचं मुख्य पद त्यांना मिळणार हे जवळजवळ ठरलं होतं. ते त्यांच्याहून लहान माणसाला मिळालं. त्या बातमीच्या दिवशी त्यांनी नेहमीसारखे सगळे कागद वाचले. बसमध्ये मात्र कळव्याच्या पुलावर त्यांनी बायकोचा विषय काढला.

"माई नाराज आहे," म्हणाले. "दादरला एक जागा तिनं पाहून ठेवली होती. बाल्कनी होती म्हणे." मग म्हणाले, "मलाही वाईट वाटलं, ओकबाई. वाटलं नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल."

"पस्तावलात का?"

"छे. वाईट वाटणं वेगळं, पस्तावणं वेगळं."

त्या वर्षी नियमात नवा परिच्छेद आला. आधी नमुना प्रयोगशाळेत जाईल, तो वापरणाऱ्या माणसाच्या हातात दिला जाईल, आणि दोघांनी होकार दिल्यावरच भावाची पाकिटं उघडतील. साहेबांनी तो मला लिहायला लावला आणि माझी निम्मी विशेषणं खोडली. पहिल्यांदा नमुन्याचे डिंक पट्ट्यावर गेले तेव्हा हिराबाईनं ते बोटांनी ताणून पाहिले आणि एक बाजूला सारला. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं कारकुनानं विचारलं. ती म्हणाली, "लिव, चिकटत नाय."

पुढे काही वर्षांनी या नियमाचीही रया गेली. माझ्याच प्रयोगशाळेत एक हुशार मुलगा नमुना न उघडता 'योग्य' असा शिक्का मारताना मला सापडला. मी हताश झाले. साहेब तेव्हा निवृत्तीला आले होते, तब्येतही बरी नसायची. ठाण्यात चरईतल्या त्यांच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. मला वाटलं, त्यांना धक्का बसेल. ते हसले.

"अहो, मग काय वाटलं होतं तुम्हाला? एकदा लिहिला की झालं? नियम म्हणजे घरातला माठ. रोज घासला नाही तर त्यातलं पाणी प्यावंसं वाटत नाही. तो मुलगा आळशी नाही. त्याला कोणी पट्ट्यावर नेलेलं नाही, एवढंच. न्या त्याला."

मी नेलं. तो दिवसभर टोपणं पिळत होता. संध्याकाळी हात सुजवून परत आला आणि त्यानंतर त्यानं नमुना न उघडता शिक्का मारल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

साहेब निवृत्तीच्या आधीच गेले. एका सकाळी घरीच, चहा घेताना. बातमी बसबरोबर कारखान्यात आली. हेड ऑफिसला टेलिफोन झाला, सुट्टी द्यायची की नाही याबद्दल तिकडून काही कळेना. मॅनेजर वाट बघत बसला. मी खाली पॅकिंगच्या खोलीत गेले तेव्हा तिथं वेगळीच शांतता होती. पट्टा बंद होता. बाटल्या जिथल्या तिथं उभ्या होत्या, आणि बायका पदर डोक्यावर घेऊन आपापल्या जागी उभ्या होत्या.

मॅनेजर माझ्या पाठोपाठ धावत आला. "पट्टा कोणी थांबवला? कोणी परवानगी दिली?"

हिराबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"कोनी नाय दिली साहेब. आमीच थांबिवला."

मॅनेजर काहीतरी बोलणार होता. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि तोही त्या बायकांच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.